बघू म्हणजे काम नव्हे

वाघजाई फूल उत्पादक कंपनीची बैठक दर सोमवारी सकाळी दहाला भरायची, आणि अकरा सोमवार उलटले तरी कोल्डरूमच्या दाराचं रबर काही बदललं गेलं नव्हतं.

विषय दर वेळी निघायचा. कुणीतरी म्हणायचं, दाराच्या फटीतून गारवा निसटतोय. सगळे माना डोलवायचे. अध्यक्ष भिमाजी आबा पागोट्याचं टोक सारखं करत गंभीरपणे म्हणायचे, "बघू." तेवढ्यात चहा यायचा. ज्योत्स्ना ओव्हाळ हे सगळं इतिवृत्ताच्या वहीत लिहायची, सातही संचालकांच्या सह्या घ्यायची आणि वही कपाटात ठेवायची. ती पुढच्या सोमवारपर्यंत कुणी उघडायचं नाही.

कंपनी म्हटलं तरी तो काही धूर ओकणारा कारखाना नव्हता. तिकोणा पेठ आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बत्तीस शेतकऱ्यांनी मिळून ती काढली होती. सगळे पॉलीहाऊसमध्ये गुलाब करणारे. गडाच्या पायथ्याला पत्र्याची एक लांबलचक शेड होती. सकाळी तोडलेली फुलं तिथं यायची, नंदाबाई आणि तिच्याबरोबरच्या चौदा बायका दांडीची लांबी बघून ती निवडायच्या, वीस-वीसच्या गड्ड्या बांधायच्या, खोकी भरायच्या. शेडला लागून कोल्डरूम आणि कोल्डरूमला लागून ऑफिस. ऑफिस म्हणजे एक खोली, एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि ज्योत्स्ना.

ती परंदवडीची. बी.कॉम. झाल्यावर सहा वर्षं तिनं लोणावळ्याच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला काढली होती. तिथं रोज सकाळी मॅनेजर पंधरा मिनिटांची बैठक घ्यायचा आणि तासाभरात प्रत्येकाच्या फोनवर त्याचं त्याचं काम येऊन पडायचं. दोनशे तीनचा गीझर, टेरेसवरच्या खुर्च्या, सगळं. संध्याकाळी पुन्हा विचारणा व्हायची, झालं का? ज्योत्स्नाला त्या शिस्तीची चटक लागली होती. इथं आल्यावर पहिले काही महिने तिनं वहीवर भागवलं. मग एका सोमवारी रबराचा विषय बाराव्यांदा निघाला, तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं.

"आबा, एक विचारू? आपण इथं ठरवतो ते कुणी करायचं, हे कुणी ठरवतं का?"

सोपान म्हणून एक संचालक होता, चाळिशीचा, फवारणीची सगळी जबाबदारी त्याच्याकडे. तो हसला. "मॅडम, ठरलं की होतंय. आज ना उद्या."

"अकरा सोमवार झाले, सोपानभाऊ."

मग तिनं सांगून टाकलं. फोन टेबलावर मधोमध ठेवायचा, बैठक रेकॉर्ड करायची. एक सॉफ्टवेअर आहे, एआयवालं, मराठी समजतं. ते बोलणं लिहून काढेल, त्यातली कामं वेगळी करेल, ज्याचं काम त्याला व्हॉट्सॲपवर पाठवेल आणि ठरलेल्या दिवशी त्याला विचारेल. कुठं पत्र लिहायचं ठरलं तर पत्रही लिहील.

"म्हंजे आमी बोलायचं आन् त्यानं कामाला लावायचं," आबा म्हणाले. त्यांनी फोनकडं निरखून पाहिलं. "लाव बाय. बघू."

पहिल्या सोमवारची बैठक नेहमीसारखीच झाली. दुपारी दोन वाजता ज्योत्स्नाचा फोन वाजला. आबा होते.

"दार बघून आलो गं."

"कसलं दार, आबा?"

"कोल्डरूमचं. तुज्या मशिनीचा मेसेज आलाय, भिमाजी आबा यांनी कोल्डरूमचं दार बघावं. नातीनं वाचून दावला. बघितलं बरं का. हाय तितंच हाय."

ज्योत्स्ना हसली, पण आत कुठंतरी तिचं डोकं चालू झालं. मशीनचं काही चुकलं नव्हतं. आबा 'बघू' म्हणाले, त्यानं बघायला सांगितलं. पुण्या-मुंबईच्या ऑफिसातली माणसं 'बघतो' म्हणाली तर कदाचित बघतही असतील. मावळात 'बघू' म्हणजे विषय संपला. 'करू की' म्हणजे आग्रह केलास तर करू. 'व्हय व्हय' म्हणजे चहा कुठं राहिला. आणि गडी खरंच करणार असला तर काहीच न बोलता उठून जातो. हे सगळं तिला लहानपणापासून कळत होतं, पण कुणाला शब्दांत समजावून सांगायची वेळ कधी आली नव्हती. त्या संध्याकाळी तिनं कॉम्प्युटरसमोर बसून मशीनला मराठीत नियम लिहून दिले. 'बघू' म्हणजे काम नव्हे. 'करू की' म्हणजे काम नव्हे. कोण करणार, काय करणार आणि कुठल्या वारी करणार, या तिन्ही गोष्टी स्पष्ट बोलल्या गेल्या असतील तरच ते काम धरावं. आणि ज्यांना वाचायचा कंटाळा, त्यांना मेसेज आवाजात जावा.

पुढच्या सोमवारपासून बैठकीची तऱ्हाच पालटली. कुणी काही बोललं की ज्योत्स्ना शांतपणे विचारायची, "कोण? कुठल्या वारी?" पहिले दोन आठवडे लोकांना ते रुचलं नाही. एक जण तर म्हणाला, ही काय कोर्टातली साक्ष आहे का. पण विचारलं की माणसाला उत्तर द्यावं लागतं, आणि सहा जणांसमोर वार सांगितला की तो पाळावा लागतो. रबर त्याच आठवड्यात, शुक्रवारी बदललं गेलं. सोपान स्वतः तळेगावला जाऊन घेऊन आला. जनरेटरची बॅटरी आली. पाण्याच्या टाकीची गळती थांबली. वर्षभर जे विषय चहाबरोबर गिळले जात होते, ते एकेक करून यादीतून पुसले जाऊ लागले. पूर्वी दीड तास चालणारी बैठक पाऊण तासात उरकायला लागली.

सुरुवातीला ज्योत्स्ना मशीननं काढलेलं प्रत्येक काम आणि प्रत्येक पत्र स्वतः वाचायची, मगच सोडायची. सहा आठवड्यांत एकही चूक निघाली नाही. जानेवारी उजाडला, व्हॅलेंटाइनच्या मालाची धांदल सुरू झाली, रोज शंभर फोन. एका दुपारी तिनं सेटिंगमध्ये जाऊन 'तपासल्याशिवाय पाठवा' हे बटण चालू केलं. मशीन आता शिकलंय, असं तिला वाटलं. आणि मशीन खरोखरच शिकलं होतं.

जानेवारीचा तिसरा सोमवार. विषय होता मुंबईच्या गाडीचा. कंपनीचा पाऊण माल मुंबईचा एकच व्यापारी उचलायचा. गौरव नावाचा तरुण माणूस, लग्नाच्या मंडपांपासून परदेशी विमानापर्यंत त्याची फुलं जायची. त्याची गाडी रोज दुपारी दोनला यायची ठरलेली, पण ती चारला यायची, कधी पाचला. कोल्डरूम लहान. तिथं पाण्यात उभ्या दांड्यांनाच जागा पुरत नव्हती. त्यामुळं भरलेली खोकी दीडपासून बाहेरच्या ओट्यावर पडून राहायची, उन्हाची तिरीप सरकत सरकत त्यांच्यावर यायची, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईहून फोटो यायचे, कळ्यांच्या माना वाकल्यात म्हणून. हेही दर सोमवारी बोललं जायचं. पण गौरव मोठं गिऱ्हाईक. त्याला कोण बोलणार? त्या विषयावर ज्योत्स्नानं 'कोण, कुठल्या वारी' विचारलं की सगळे खिडकीतून गडाकडं बघायचे.

त्या दिवशी मात्र आबांचंच फूल परत आलं होतं. तीनशे गड्ड्यांतल्या निम्म्या. आबांनी टेबलावर हात आपटला.

"त्या गौरवला लिवा म्हणावं! आमची फुलं म्हंजे काय रस्त्यावर टाकलेली पोती हाईत व्हय, तासनतास उन्हात पडायला? येत्या सोमवारपास्नं दोनला गाडी लागली न्हाई, तर वाघजाईचं एक फूल मिळायचं न्हाई म्हणावं. जा दुसऱ्याच्या दारात!"

मग चहा आला, कुणीतरी भुरी रोगाच्या फवारणीचं काढलं, आबांचा राग बशीतल्या चहाबरोबर निवला. ज्योत्स्नालाही त्यात वेगळं काही वाटलं नाही. आबा रागावतात आणि विसरतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मंगळवारी दुपारी एक चाळीसला गाडी येऊन उभी राहिली.

शेडमधल्या बायका हातातली कात्री तशीच धरून दारात आल्या. नंदाबाईनं तर डोळ्यावर आडवा हात धरून खात्री करून घेतली. ती पन्नाशी ओलांडलेली, बोलायला तिखट. "आज सूर्य कुठनं उगावला रं?" तिनं ड्रायव्हरला विचारलं.

"मालकांनी सांगितलंय मावशी, दोनच्या आत पोचला नाहीस तर चावी ठेवून घरी जा. काय केलंत काय तुम्ही?"

नंदाबाईनं ज्योत्स्नाकडं पाहिलं. ज्योत्स्ना तडक ऑफिसात गेली आणि पाठवलेल्या मेलची यादी उघडली. सोमवार, अकरा वाजून पाच मिनिटं. गौरवच्या नावानं, कंपनीच्या पत्त्यावरून, खाली 'भिमाजी, अध्यक्ष' अशी सही.

कोण, काय, कुठल्या वारी. तिन्ही गोष्टी स्पष्ट होत्या. नियम तिनंच लिहिला होता. बारा महिने 'बघू' म्हणणारा माणूस रागात आला की वार सांगतो, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

ती पत्र वाचत होती तेवढ्यात फोन आला. गौरवच होता. नेहमी 'ज्योत्स्ना मॅडम, कशा आहात' म्हणून गप्पा मारणारा माणूस आज जपून बोलत होता. "आबांचं पत्र मिळालं. मी परवा, बुधवार... म्हणजे उद्याच, स्वतः येतोय. अकरा वाजता चालेल ना?"

"चालेल," ज्योत्स्ना म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तिनं फोन ठेवला. गप्प राहायची वाट समोर उघडीच होती. गाडी वेळेवर आली होती. गौरव आला की आबा पत्राबद्दल ऐकतील, पण तोवर तेही गाडीवर खूश झालेले असतील, पुढचं पुढं बघता येईल. पण व्हॅलेंटाइनला साडेतीन आठवडे राहिले होते. बत्तीस घरांचा माल एका माणसावर अवलंबून होता, आणि त्या माणसाला त्यांच्या नावानं निर्वाणीचा इशारा गेला होता, त्यांना न विचारता. तिनं पत्राची प्रत छापली आणि स्कूटी काढली.

आबा त्यांच्या पॉलीहाऊसमध्ये वाकलेल्या फांद्या बघत होते. आत ऊब होती, ओल्या मातीचा वास होता. ज्योत्स्नानं आडवळण घेतलं नाही.

"आबा, काल बैठकीत तुम्ही गौरवला लिहा म्हणालात. ते लिहिलं गेलं. आणि पाठवलंही गेलं. मी तपासायला हवं होतं, मी तपासलं नाही. चूक माझी आहे."

आबा सरळ उभे राहिले. "काय लिवलं गेलं?"

"सोमवारपासून दोनला गाडी आली नाही तर माल देणार नाही."

आबांचा चेहरा उतरला. त्यांनी बाजूच्या लोखंडी खांबाला हात टेकला. "अगं, म्या रागात बोललो! तो उद्या म्हणला, ऱ्हाऊ द्या, मला तुमचं फूलच नको, तर? फेब्रुवारीचा माल कुटं घालायचा? लोणावळ्याची हाटेलं किती घेत्याल, धा खोकी? लोक मला उभं करत्याल चावडीवर."

"तो उद्या अकराला येतोय."

"येतोय?" आबांनी तिच्याकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "वाच. काय लिवलंय ते वाच."

ज्योत्स्नानं वाचलं. "माननीय गौरवजी, वाघजाई फूल उत्पादक कंपनीच्या आजच्या बैठकीत आपल्या गाडीच्या वेळेबाबत चर्चा झाली. गाडी ठरलेल्या दोन वाजताऐवजी वारंवार उशिरा येते. या काळात आमच्या सभासदांची फुलं उन्हात राहतात आणि त्यांची प्रत बिघडते, याचा आम्हाला खेद आहे. येत्या सोमवारपासून गाडी दोन वाजता उपलब्ध न झाल्यास आम्ही आपणास माल देऊ शकणार नाही. अशा वेळी आपण अन्य उत्पादकांशी संपर्क साधण्यास मोकळे आहात. आपल्याशी असलेला व्यवहार टिकावा अशीच आमची इच्छा आहे."

आबा ऐकत राहिले. 'अन्य उत्पादकांशी' ऐकताना त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"हे म्या बोललो व्हय?"

"तुम्हीच बोललात. फक्त पोती आणि दार काढून टाकलंय त्यानं. शेवटचं वाक्य त्याच्या पदरचं."

"शेवटचं ब्येस हाय." आबा एक फांदी सरळ करत म्हणाले, "मला कवाच असं बोलता आलं नसतं बघ. एक तर श्या दिल्या असत्या, न्हाईतर गप बसलो असतो. पर म्हणायचं हेच हुतं." मग त्यांनी मान वर केली. "संध्याकाळी पाचला सगळ्यांना बोलीव. आदी आपल्या माणसांना सांगू. मंग त्यो येऊ दे."

पाचच्या बैठकीत सोपान भडकला, आणि त्याचं बरोबरच होतं. "मी पहिल्यापासून म्हणत होतो, मशीनच्या हातात पेन देऊ नका. उद्या ते आपली जमीनसुद्धा विकून टाकेल आणि वर मेसेज करेल, झालं का?"

ज्योत्स्ना उभी राहिली. सात पुरुषांसमोर उभं राहून आपली चूक सांगायची, आणि त्यातही ती कामाला ठेवलेली बाई. पण तिचा आवाज नेहमीसारखाच निघाला.

"सोपानभाऊ बरोबर बोलतायत. घाई झाली म्हणून मी तपासणी बंद केली. माझे वडील एकतीस वर्षं कारखान्याच्या गेटवर होते. गेटपास नसेल तर साधा बोल्टसुद्धा ते बाहेर सोडायचे नाहीत, मग नेणारा मॅनेजर का असेना. आजपासून इथंही तसंच. आतली कामं आतल्या माणसांना आपोआप जातील. पण कंपनीच्या बाहेर जाणारं एक अक्षरही, ज्याच्या नावानं जायचं त्यानं वाचून हो म्हटल्याशिवाय जाणार नाही. ते मी दुपारीच करून टाकलंय. आणि कामाला नको असेन तर तसं आत्ताच सांगा, मी मनात काही ठेवणार नाही."

"बस खाली," आबा म्हणाले. "तुला कोण जा म्हणतंय? आता उद्याचं बोला. माफी मागायची का काय करायचं?"

तेव्हा ज्योत्स्नानं दुसरा कागद काढला. रेकॉर्डिंग सुरू झाल्यापासूनच्या दहा बैठका तिनं मशीनकडून चाळून घेतल्या होत्या. गाडीच्या उशिराचा विषय दहाच्या दहा बैठकांत निघाला होता. कुठल्या तारखेला गाडी किती वाजता आली आणि कुणाची किती खोकी परत आली, हे प्रत्येक वेळी कुणी ना कुणी बोलून गेलं होतं. सगळं कुणाच्या तरी तोंडचंच, फक्त एका पानावर आलेलं. नंदाबाईला शेडमधून बोलावलं. तिनं पान ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्यात सतरा तारीख ऱ्हायली की. त्या दिशी सव्वापाचला आल्ती. माज्या नातवाचा वाढदिवस हुता, मला घरी जायाला उशीर झाल्ता."

सोपाननं पान दोनदा वाचलं. त्याच्या मालाचीही परत आलेली खोकी त्यात होती. "माफी कशाची मागायची?" तो शेवटी म्हणाला. राग गेला नव्हता, पण त्याची दिशा बदलली होती.

बुधवारी गौरव अकराला दहा मिनिटं कमी असताना आला. बरोबर लोणावळ्याहून घेतलेला चिक्कीचा डबा. बत्तीस-तेहतीसचा असेल, स्वच्छ शर्ट, बोलणं मऊ. खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाला, "आबा, इतकी वर्षं आपण काम करतोय. असं एकदम पत्र? एक फोन केला असतात तर..."

"त्ये पत्र चुकून गेलं," आबा म्हणाले.

सोपाननं झटकन आबांकडं पाहिलं. गौरवच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. तो हसायच्या बेतात होता.

"चुकून गेलं," आबा पुढं म्हणाले, "म्हंजे म्या वाचायच्या आदी गेलं. पाठवण्यात चूक हुती. पत्रात न्हाई. आता म्या वाचलंय, दोन डाव. त्यातला एक शबूद बी मागं घ्यायचा न्हाई."

बाहेर शेडमध्ये कात्र्यांचा आवाज चालू होता. ज्योत्स्नानं ते एक पान गौरवपुढं सरकवलं. त्यानं ते वाचलं, बोटानं एकेक तारीख खाली येत गेली.

"मला खरंच माहीत नव्हतं," तो म्हणाला. "गाडी आधी दुसऱ्या बाजूचा माल घेते, मग इकडं येते. मला ऑफिसात बसून वाटायचं, दोनची गाडी अडीचला जात असेल, फार तर तीनला. इथून कुणी कधी बोललंच नाही."

"बोलत व्हतो," आबा म्हणाले. "आपसात."

तिथून पुढं बोलणं सरळ झालं. गौरव काही भिडस्त नव्हता. त्यानंही त्याचं मांडलं. दुसऱ्या दिवशी किती खोकी निघणार ते इथून आधी कळत नाही, म्हणून तो गाडी आधी दुसरीकडं पाठवतो. रिकामी फिरवणं त्यालाही परवडत नाही. रोज दुपारी चारपर्यंत दुसऱ्या दिवसाचा अंदाज कळवला, तर गाडी थेट इथं येईल, दोनला. अडीचच्या पुढं गेली, तर त्या दिवशीच्या मालाबद्दल त्याची तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. हे त्यानं मान्य केलं. चाळीस सेंटिमीटरच्या आतली दांडी मात्र तो यापुढं घेणार नाही म्हणाला. यावर बरीच ओढाताण झाली आणि त्यात तोच जिंकला. आबांना ते लागलं, पण त्यांनी मान डोलावली. आखूड दांडीची फुलं लोणावळ्याच्या हॉटेलांना द्यायचं ठरलं. ती कुणाला द्यायची, हे ज्योत्स्नाला पक्कं ठाऊक होतं. सहा वर्षं तिनं त्याच टेबलांवरच्या फुलदाण्या बघितल्या होत्या.

ठरलेलं सगळं मशीननं लिहून काढलं. आबांनी नाकावर चष्मा चढवून ते शेवटपर्यंत वाचलं, एका ठिकाणी 'आदरपूर्वक' होतं ते काढायला लावलं, आणि मग हो म्हणाले.

फेब्रुवारीतले ते पंधरा दिवस कसे गेले ते कुणालाच कळलं नाही. पहाटे तोडणी, दुपारी गाडी, पुन्हा तोडणी. दोन वेळा गाडी उशिरा आली. एकदा घाटातल्या कोंडीमुळं, एकदा चाक पंक्चर झाल्यामुळं. दोन्ही वेळा गौरवचा स्वतःहून फोन आला. चारच्या अंदाजाचं काम रोज वेगवेगळ्या संचालकाकडं जायचं, आणि सोपान तर पावणेचारलाच आकडा कळवून मोकळा व्हायचा. आठवणीचा मेसेज यायच्या आधी काम करायचं, अशी त्यानं मशीनशी शर्यतच लावली होती. शेवटची गाडी गेली तेव्हा शेडमध्ये पाकळ्यांचा खच पडला होता आणि बायका ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या.

नंदाबाई उठून ऑफिसच्या दारात आली.

"ज्योत्स्ना, त्यो तुजा फोन आमाला बी दे की एक दिस."

"कशाला, मावशी?"

"आमी बी दर शुक्रवारी बसतो की जेवताना. तुमच्यापरीस जास्त ठरवतो. फकस्त कोण लिवत न्हाई."

पुढच्या शुक्रवारी ज्योत्स्नानं फोन बायकांच्या डब्यांच्या मधोमध ठेवला. चटणी-भाकरीबरोबर गप्पा रंगल्या. कुणाची सून, कुणाचा गॅस, मधेच कामाचं. बसायला स्टूल पाहिजेत, दिवसभर उभं राहून पाय भरून येतात. कात्र्यांना धार लावून मिळाली पाहिजे, गेल्या दिवाळीनंतर लावलेली नाही. न्हाणीघराच्या दाराला कडी नाही. ज्योत्स्नानं तिच्या सवयीनं विचारलं, कोण, कुठल्या वारी, आणि नंदाबाई एकेक नाव आणि वार सांगत गेली, जणू तिनं वर्षभर त्याची उजळणीच केली होती. सात कामं निघाली. एक नंदाबाईनं स्वतःकडं ठेवलं. सहा गेली संचालकांकडं.

शनिवारी सकाळी सोपान ड्रिल मशीन आणि पितळी कडी घेऊन शेडवर हजर झाला. बायकांनी कात्र्या थांबवल्या. तो न्हाणीघराच्या दाराशी उभा राहून मापं घेत होता, पेन्सिलीनं खूण करत होता. मग अडला आणि वळून म्हणाला, "मावशी, मेसेजमध्ये नुसतं कडी लावा म्हणून आलंय. आतनं लावू का बाहेरनं?"

"आतनं रं बाबा!" नंदाबाई ओरडली. "बाहेरनं लावून काय आमाला कोंडायचंय व्हय?"